कॅमेरे लावले, पण रेकॉर्डिंग होते का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सांगली, मिरज, कुपवाडला आता गल्लोगल्ली सीसीटीव्ही कॅमेरे दिसतात. सोसायट्यांच्या गेटवर, पतसंस्थांत, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्यांवर, गणपती पेठेतल्या दुकानांत. कॅमेरे बसवणे आणि दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय. चोरी झाल्यावर पोलिस फुटेज मागतात आणि डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात) काहीच सापडत नाही, हा प्रकार इतक्या वेळा पाहिला की आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

अलीकडेच विश्रामबागेतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून दुचाकी गेली. वॉचमनच्या केबिनमधल्या टीव्हीवर आठही कॅमेऱ्यांचे चित्र स्वच्छ दिसत होते. प्लेबॅक, म्हणजे साठवलेले चित्र, उघडला, तर शेवटचे रेकॉर्डिंग पावसाळ्याच्या आधीचे! हार्डडिस्क बंद पडली तरी लाइव्ह चित्र चालूच राहते, कारण त्याला डिस्क लागतच नाही. डीव्हीआर बीप वाजवून सांगत होता. रात्री कटकट होते म्हणून कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन तो आवाजच बंद केला होता. आतली डिस्क घरच्या कॉम्प्युटरला लावतात ती साधी निघाली. कोटेशनवर नुसते ‘१ टीबी हार्डडिस्क’ लिहिलेले. कोणती, ते कमिटीने विचारले नाही आणि बसवणाऱ्याने सांगितले नाही.

हिशेब सोपा आहे. आठ कॅमेरे, प्रत्येकाचे रेकॉर्डिंग सेकंदाला २ मेगाबिट (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी) धरले, तर दिवसाला सुमारे १७३ जीबी लिहिले जाते. वर्षाचे होतात ६३ टीबी (१ टीबी म्हणजे १,००० जीबी). कॉम्प्युटरच्या साध्या डिस्कसाठी कंपन्या वर्षाला ५५ टीबीच्या आसपास वापर धरतात, आणि काही मॉडेलांच्या माहितीपत्रकात तर वर्षाला २,४०० तासच चालवणे गृहीत असते. वर्षाचे तास ८,७६०. डीव्हीआरला सुट्टी नसते. जागा संपली की सर्वांत जुने पुसून त्यावर तो पुन्हा लिहीत राहतो. कॅमेऱ्यांसाठी वेगळ्या बनवलेल्या डिस्क चोवीस तास आणि वर्षाला १८० टीबीपर्यंतचा भार धरून केलेल्या असतात. किमतीतला फरक आठ-दहा फ्लॅटमध्ये वाटला तर कोणाला जाणवणारही नाही. शिवाय या हिशेबाने १ टीबीमध्ये जेमतेम सहा दिवस मावतात. दिवाळीला गावी गेलेले कुटुंब दहा दिवसांनी परतले, तर चोरीचा दिवस पुसला गेलेला असतो.

तरीही चांगली डिस्क लावली म्हणजे निर्धास्त झालो, असे कोणी समजू नये. गूगलने २००७ साली आपल्या लाखभराहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जास्त वापराचा फटका प्रामुख्याने अगदी नव्या आणि बऱ्याच जुन्या झालेल्या डिस्कांना बसतो, असे त्यात दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांवर, डिस्क स्वतःच नोंदवते त्या बिघाडाच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी उमटलेली नव्हती. म्हणजे यंत्र आपणहून इशारा देईल या भरवशावर बसणे धोक्याचे. महिन्यातून एकदा कोणीतरी प्लेबॅक उघडून काही दिवसांपूर्वीचे, रात्रीचे चित्र पाहिलेच पाहिजे. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. आणि एखादी घटना घडली, तर ते फुटेज त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढून घ्यावे.

जिन्याखालच्या बंद लाकडी पेटीत, मीटरच्या शेजारी डीव्हीआर कोंबायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. एप्रिल-मेमध्ये त्या पेटीत हात घालवत नाही. त्यात वीज अचानक गेली की डिस्कचे हेड (लिहिणारा-वाचणारा भाग) घाईघाईने बाजूला घेतले जाते. असे वारंवार होणे चांगले नाही, शिवाय चालू असलेले रेकॉर्डिंगही अर्धवट राहते. छोटा यूपीएस आणि पेटीला जाळी, एवढे तरी करता येते.

पोलिस ठाण्यांतले सीसीटीव्ही रेकॉर्डिंग १८ महिने जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. रस्त्यांवरच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांबाबत मात्र फीत कापून फोटो निघाला की पुढची विचारपूस संपते. महापालिकेने आणि लोकवर्गणीतून कॅमेरे बसवणाऱ्या मंडळांनी यापुढे निविदेत डिस्कचा प्रकार, किती दिवसांचे फुटेज राहणार आणि दरमहा तपासणी कोण करणार, हे लिहून घ्यावे. कॅमेऱ्यांच्या उद्घाटनाची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनीही हे तीन प्रश्न विचारावेत, ही विनंती.

आपला,
एक कॅमेरा दुरुस्ती व्यावसायिक,
विश्रामबाग, सांगली