शेगडीचे दार उतरवूनच दुरुस्त करावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत घरातल्या उपकरणांच्या देखभालीविषयी अधूनमधून उपयुक्त मजकूर येत असतो. लाकडावर चालणाऱ्या बंदिस्त शेगडीबद्दल लिहिताना धुराडे वेळेवर साफ करणे आणि वाळलेलेच लाकूड वापरणे या दोन गोष्टींवर भर दिला जातो, आणि तो योग्यच आहे. दाराचा विषय मात्र काच पुसा, कडेची फट बुजवणारी दोरी बदला एवढ्यावर आटोपतो. हे काम दार बिजागऱ्यांवर लटकत असताना करायचे की ते उतरवून, याबद्दल कोणी काही सांगत नाही. ते उतरवूनच करावे असे माझे ठाम मत आहे, आणि ते मत बनण्यासाठी मला एक काच गमवावी लागली, म्हणून हे पत्र.

बंदिस्त शेगडीत आगीला लागणारी हवा ठरावीक झडपांतूनच आत जावी, अशी रचना असते. दाराच्या आतल्या कडेला खाचेत बसवलेली काचतंतूंची दोरी ही त्या रचनेतली सर्वांत आधी झिजणारी वस्तू. ती चपटी आणि कडक झाली की दार लावलेले दिसते, पण फटीतून हवा शिरत राहते. मग झडप बंद केली तरी आग मंदावत नाही, लाकूड भराभर संपते आणि शेगडी तिच्या मर्यादेपलीकडे तापून पत्रा वाकण्याची किंवा बीड तडकण्याची वेळ येते. उलट धुराड्याची ओढ कमी पडते तेव्हा याच फटीतून धूर घरात येऊ शकतो, आणि त्याबरोबर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइडही. दोरी तपासण्याची रीत सोपी आहे. थंड शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती अडथळ्याशिवाय निसटून आली तर त्या ठिकाणी दोरी गेली असे समजावे. (या कामाला आपल्या दैनिकाचा कालचा अंक पुरतो. काचेवरची काजळी काढायलाही तोच ओला करून, किंचित राखेत बुडवून वापरता येतो. संपादकांनी याचा राग मानू नये.)

पहिल्या वेळी मी दार जागेवर ठेवूनच दोरी बदलली. उभ्या दारात वरच्या खाचेतली दोरी चिकटद्रव्य सुकण्याआधीच खाली लोंबू लागली, म्हणून ती जागेवर राहावी यासाठी मी ताणून बसवली. ताणलेली दोरी बारीक होते आणि बारीक दोरी खाच भरून वर येत नाही, हे तेव्हा ध्यानात आले नाही. काचेचे गंजलेले स्क्रू सोडवताना मी दाराला गुडघ्याचा टेकू दिला आणि सारा जोर बिजागऱ्यांवर घातला. त्यानंतर दार कडीच्या बाजूने जरा खाली उतरले ते उतरलेच. परत बसवताना काच हलू नये म्हणून स्क्रू करकचून आवळले, आणि तिसऱ्याच दिवशी काचेला कोपऱ्यापासून तडा गेला. ही काच साधी नसते, ती काच-सिरॅमिकची असते आणि उष्णतेने जवळजवळ प्रसरण पावत नाही. लोखंडी चौकट मात्र पावते. दोघांमध्ये थोडी ढिलाई ठेवली नाही तर आगीने न फुटणारी काच स्क्रूने फुटते.

दार उतरवायचे म्हणजे फार मोठे काम नव्हे, मात्र घाई नको. शेगडी पूर्ण थंड झालेली हवी, आणि राखेखाली निखारे दिवसभर, कधी त्याहूनही अधिक काळ धुमसत राहतात हे लक्षात ठेवून आधी राख झाकणाच्या धातूच्या डब्यात काढून घ्यावी. मग बिजागरी नीट पाहावी. काही शेगड्यांचे दार खिळीवर नुसते बसवलेले असते आणि उघडून सरळ वर उचलले की निघते. काहींत खिळच वरून किंवा खालून ठोकून काढावी लागते. काहींत ती लहान स्क्रूने किंवा कडीने अडकवलेली असते. आणि दार आपोआप मिटणाऱ्या शेगडीत स्प्रिंग असते, जी सुटताना बोट चेंगरू शकते. कोणता प्रकार आहे हे कळल्याशिवाय हातोडी उचलू नये, कारण बीड कडक असले तरी ठिसूळ असते.

बिडाचे आणि काचेचे दार दिसते त्याहून जड भरते. खिळ काढण्याआधी दाराच्या खाली लाकडी ठोकळे सारून त्याचे वजन त्यांच्यावर घ्यावे, म्हणजे खिळ अडकत नाही आणि शेवटच्या क्षणी दार अंगावर येत नाही. दुसरा माणूस हाताशी असलेला उत्तम. बिजागरीत बहुधा एक-दोन पातळ वायसर असतात आणि दाराची उंची त्यांच्यावरच ठरते, त्यामुळे काढण्याआधी फोटो घेऊन ठेवावा. माझा एक वायसर राखेत पडला आणि त्यापायी दुपार गेली. उतरवलेले दार घडी घातलेल्या घोंगडीवर, आतली बाजू वर करून आडवे ठेवावे. मूठ कडेबाहेर राहील अशी तजवीज केली तर काचेवर भार येत नाही.

दार आडवे झाले की उरलेले काम खरोखर सोपे आहे. गंजलेल्या स्क्रूंना गंज सोडवणारे तेल लावून काही तास थांबावे, आणि शेगडी पेटवण्याआधी ते पुसून काढावे. जुनी दोरी बाहेर ओढून तिची जाडी मोजावी, पण चपट्या झालेल्या भागावर नव्हे. शंका असल्यास खाचेची रुंदी पाहावी. सामान्यतः ही दोरी 6 ते 14 मिलिमीटर जाडीची असते आणि दोन मिलिमीटरच्या फरकाने दार एक तर लागत नाही, नाही तर हवा सोडते. शेगडी फार जुनी असेल तर दोरी ॲस्बेस्टॉसची असण्याची शक्यता धरावी आणि ती कोरडी खरवडू नये, जाणकाराकडून काढून घ्यावी. खाच तारेच्या ब्रशने स्वच्छ करून चिकटद्रव्याची बारीक रेघ द्यावी, दोरी न ताणता बोटाने दाबत न्यावी आणि दोन्ही टोके एकावर एक न चढवता समोरासमोर भिडवावीत. काचेच्या कडेची पट्टीही याच वेळी बदलावी आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, बेताने आवळावेत. बिजागरीला घरातले साधे तेल लावू नये, ते जळून चिकट होते. ग्रॅफाइटची पूड चांगली.

नव्या दोरीमुळे दार सुरुवातीला घट्ट लागते, तेव्हा कडी थोडी सैल करून घ्यावी आणि पहिल्या काही वेळा लहानच आग करावी. दार उतरवलेले असताना मात्र थंडी कितीही असली तरी शेगडी पेटवू नये, कारण उघड्या तोंडाने हवेवर कसलाही ताबा राहत नाही आणि ठिणग्या थेट खोलीत येतात.

माझी खरी तक्रार शेगडी बनवणाऱ्यांविषयी आहे. माहितीपुस्तिकेत मूठ कशी धरावी यालाही चित्र असते, पण बिजागरी कोणत्या प्रकारची आहे आणि दार कसे निघते याला एकच मोघम ओळ मिळते. दोरीची जाडी व लांबी, काचेच्या स्क्रूचे माप आणि बिजागरीची साधी आकृती एवढे तरी पुस्तिकेत छापावे, आणि जमल्यास दाराच्या आतल्या बाजूला कोरून ठेवावे. पुस्तिका हरवते, दार हरवत नाही. आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा मजकूर आल्यास बिजागऱ्यांच्या या प्रकारांच्या आकृत्या सोबत द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक