मधुमेही रुग्णांसाठी विम्याची अट बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लठ्ठपणावरच्या बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेकडे आपल्याकडे अजूनही सडपातळ दिसण्याची हौस म्हणून पाहिले जाते. आरोग्य विम्याच्या अटींतही हाच समज डोकावतो आणि त्याची झळ टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांना बसते.

वजन उतरले म्हणून साखर उतरली, एवढा साधा हा मामला नाही. गॅस्ट्रिक बायपास या प्रकारात जठर लहान करून ते थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यानंतर अनेक रुग्णांची साखर काही दिवसांतच, वजनकाटा फारसा हलण्याआधीच, आटोक्यात येऊ लागते. खाणे एकदम घटल्याने यकृतातील चरबी कमी होऊन यकृत इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागते. शिवाय अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचल्याने जीएलपी-१ हे संप्रेरक अधिक स्रवते आणि जेवणानंतर स्वादुपिंडाकडून इन्सुलिन वेळेवर मिळू लागते. स्नायूंमधला इन्सुलिन प्रतिरोध मात्र वजन घटत जाईल तसा, सावकाश ओसरतो. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी जितक्या शाबूत, तितका हा लाभ मोठा. मधुमेह जुना होत जातो तशा त्या निकामी होत जातात. म्हणूनच इथे वेळेला महत्त्व आहे.

विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अटींनुसार मधुमेहासाठी ही शस्त्रक्रिया विम्यात बसायची, तर बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती, हे सांगणारा आकडा) किमान ३५ हवा आणि मधुमेह अनियंत्रितही हवा. माझ्या धाकट्या भावाचा बीएमआय ३३ होता. त्याचा दावा नामंजूर झाला आणि पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत काही वर्षे गेली. शस्त्रक्रियेनंतर त्याचे इन्सुलिन बरेच कमी झाले, पण सुटले नाही. फ्रीजच्या दारात इन्सुलिनचे पेन अजून आहेच. हे आधी केले असते तर ते कदाचित पूर्ण थांबले असते, असे त्याच्या डॉक्टरांनी सांगितले.

ही ३५ची रेषा भारतीय शरीरासाठी आखलेलीच नाही, आणि हे पुणेकरांना तरी वेगळे सांगायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचा बीएमआय नेमका २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याला कमी वजनातच मधुमेह का गाठतो, याचे उत्तर याच शहरातील संशोधनाने जगाला दिले. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही, औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल तर आशियाई रुग्णांच्या बाबतीत २७.५ बीएमआयपासूनच शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे सांगितले आहे.

ही शस्त्रक्रिया म्हणजे मधुमेहापासून कायमची सुटका, असा प्रचार जाहिरातींतून होतो, तो मात्र मला मान्य नाही. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्ण मधुमेहाच्या बाहेर होते. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. साखर पुन्हा वाढू शकते, म्हणून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) नियमित तपासावे लागते. ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता मुळातच असते, तिथे तर यात हयगय चालणार नाही.

म्हणून नियामकाने मधुमेही रुग्णांसाठी बीएमआयची अट भारतीय निकषांवर आणावी आणि त्यासोबत पुढील किमान पाच वर्षांच्या तपासण्या व आहारतज्ज्ञांचा सल्लाही विम्याच्या कक्षेत घ्यावा. शहरातील मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनांनी या मागणीचे निवेदन नियामकाकडे द्यावे आणि आपल्या दैनिकानेही हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे