वॅट पाहता, ओहमही पाहा

संपादक महोदय,

बास अ‍ॅम्पला कॅबिनेट (स्पीकरची पेटी) जोडताना सगळे वॅट पाहतात, ओहम (कॅबिनेटचा विद्युतरोध) कुणी पाहत नाही. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की भार ४ ओहम होतो, तिसरे लावले की सुमारे २.७. किमान ४ ओहमचा भार लागणारा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मग तापतो, मध्येच बंद पडतो. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प तर कॅबिनेटशिवाय वाजवूच नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरला वीज पोचवणारा भाग) जातो.

आवाज गेला तर अ‍ॅम्प बंद करा, त्यातून स्पीकर केबलचा जॅक काढा आणि जॅकच्या टोकावर व दांड्यावर मल्टिमीटर लावा. ८ ओहमच्या कॅबिनेटला साधारण ६ ओहम दिसले तर ठीक. आकडाच आला नाही तर केबल, आतली वायर किंवा व्हॉइस कॉइल (स्पीकरमधले तारेचे वेटोळे) तुटली आहे. गिटारची केबल स्पीकरला कृपया वापरू नका, तिची बारीक तार तापते.

– एक वाचक