एका दिवसाची चढाई आणि परतीची वेळ

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

उष्ण कटिबंधातील डोंगरांवर एका दिवसात जाऊन येण्याविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अलीकडे बरेच लिहिले जाते. अशा लेखांत माथ्यावरून दिसणारे दृश्य असते, पायथ्यापर्यंत कसे पोहोचावे याची माहिती असते, ‘अंतर सात किलोमीटर, चढाई सोपी’ असा शेराही असतो. मात्र किती वाजेपर्यंत माथा गाठला नाही तर मागे फिरावे, हे त्यांत जवळजवळ कधीच सापडत नाही. माझ्या मते अशा चढाईच्या आखणीत सर्वांत आधी ठरवायची गोष्ट हीच आहे, आणि ती घरी बसून, कागदावर ठरवावी लागते.

याचे कारण या डोंगरांच्या दिवसात आहे. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस साधारण बारा तासांचाच असतो. उन्हाळ्यातील लांबलचक संध्याकाळ तेथे मिळत नाही. सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे सूर्यास्तानंतरचा उपयोगी उजेड वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो. घनदाट जंगलात तर झाडांच्या छत्राखाली त्याच्याही आधी पायाखालची मुळे दिसेनाशी होतात. मोकळ्या माथ्यावर उभे राहून ‘अजून भरपूर उजेड आहे’ असे वाटते; पण आपल्याला उतरायचे असते ते खालच्या जंगलातून, हे त्या वेळी लक्षात राहत नाही.

दुसरी मर्यादा पावसाची. सकाळी आकाश स्वच्छ असते. ऊन चढू लागले की उतार तापतात, दमट हवा उतारांच्या कडेने वर सरकते, उंचीवर थंड होते आणि तिचे ढग बनतात. दहा-अकराच्या सुमारास माथ्याभोवती पांढरे पुंजके दिसू लागतात, दुपारी ते काळवंडतात आणि गडगडाटासह सर कोसळते. हे दररोज आणि सर्वत्र असेच घडते असे नाही. ज्या बेटांवर सतत समुद्राकडून वारे येतात, तेथील वाऱ्याकडच्या उतारांवर पाऊस कोणत्याही प्रहरी येतो. तरीही कोरड्या ऋतूतसुद्धा दुपारचा काळ हा पावसाचा आणि विजेचा धरूनच दिवस आखावा. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांतील प्रत्येक तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर अंतर धरतात. पण मेघगर्जना मुळात ऐकू आली याचाच अर्थ वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते असा घ्यावा, उघडा माथा आणि धार ताबडतोब सोडावी आणि शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास तरी पुन्हा वर जाऊ नये.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: सुमारे पाच किलोमीटर अंतराला एक तास, आणि चढाव्या लागणाऱ्या प्रत्येक ६०० मीटर उंचीसाठी आणखी एक तास. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर आणि १,२०० मीटर चढ असेल, तर यानुसार साधारण पावणेपाच तास होतात. पण हा ठोकताळा थंड हवेतील, चांगल्या वाटेवरच्या तंदुरुस्त माणसासाठी आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. चिखल, ओली मुळे, दमट उष्मा आणि उभा उतार लक्षात घेता तो किमान दीडपट करावा, म्हणजे सव्वासात तास. त्यात थांबण्याचा एक तास मिळवला की सव्वाआठ. त्यांपैकी पावणेपाच तास चढण्याचे आणि साडेतीन उतरण्याचे धरू. सकाळी सहाला निघालेला गट पावणेअकराला माथ्यावर असेल आणि सव्वादोनला पायथ्याशी. तोच गट साडेआठला निघाला, तर ढग दाटून येत असताना सव्वा वाजता माथ्यावर पोहोचेल आणि काहीही न बिघडता पावणेपाचला खाली येईल. कोणाचा पाय मुरगळला, वाट चुकली किंवा ओढा भरला, की अंधार झालाच म्हणून समजावे. अशा वाटेसाठी मी सकाळी साडेअकरा ही मागे फिरण्याची वेळ ठरवीन. त्या क्षणी माथा समोर दिसत असला तरी मागे फिरायचे. शेवटच्या दोनशे मीटरांवर, दमलेल्या शरीराने आणि सोबत्यांच्या आग्रहाखाली हा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही, म्हणूनच तो आदल्या दिवशी घेतलेला असावा. आणि सारा हिशेब गटातील सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने करावा, सर्वांत उत्साही माणसाच्या नव्हे.

ओढ्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यांचा धोका सर्वांत कमी ओळखला जातो. सकाळी दगडांवरून बूट न भिजवता ओलांडलेला ओढा दुपारी कमरेइतका होऊ शकतो, आणि त्यासाठी आपल्या डोक्यावर पाऊस पडलेला असणे मुळीच आवश्यक नसते. वरच्या उतारावर पडलेले पाणी अरुंद घळीतून काही मिनिटांत खाली येते. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पाने व काटक्या वाहत येणे आणि वरच्या बाजूने वाढत जाणारा घरघराट ऐकू येणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी पात्रातून बाहेर पडून उंच जागी जावे. गुडघ्याएवढे वेगवान पाणीदेखील प्रौढ माणसाला पाडू शकते. छोट्या पाणलोटातील पूर जसा झटकन चढतो तसाच बहुधा काही तासांत उतरतो, त्यामुळे पलीकडे जाण्याची घाई न करता अलीकडे भिजत बसणे हेच योग्य असते. आणि दिवसाच्या आखणीत शिल्लक वेळ ठेवलेला असला, तरच तसे बसून राहणे परवडते.

उष्म्याचे गणितही वेगळे आहे. घाम सुकला तरच शरीर थंड होते. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम नुसताच निथळतो आणि शरीराची उष्णता आतच राहते. उभ्या चढावर तासाला लिटरभर घाम सहज जातो व त्याबरोबर मीठही जाते. म्हणून केवळ साधे पाणी भरमसाट पिणे हा उपाय नव्हे. त्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण घटून प्रकृती गंभीर होऊ शकते. क्षार-साखरेचे द्रावण आणि खारट खाणे सोबत असावे. थंड किंवा कोरड्या प्रदेशातून आलेल्या माणसाच्या शरीराला दमट उष्म्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठी चढाई ठेवू नये. डोके दुखू लागले, मळमळले किंवा सोबत्याचे बोलणे असंबद्ध वाटू लागले, तर त्याला सावलीत बसवून, अंगावर पाणी ओतून, वारा घालून थंड करावे आणि माथ्याचा विचार सोडून द्यावा.

याच डोंगरावर थंडीने काकडण्याची वेळही येते, हे अनेकांना पटत नाही. उंचीगणिक तापमान दर हजार मीटरला सुमारे सहा अंशांनी घटते. पायथ्याशी तीस अंश असतील तर दोन हजार मीटर वर अठराच्या आसपास. त्यात पावसाने भिजलेले सुती कपडे आणि माथ्यावरचा वारा मिळाला की हातपाय थरथरू लागतात. पावसाचे जाकीट आणि एक कोरडा, लवकर सुकणारा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा. जळवांचा त्रास होतो, पण तो बहुधा त्रासापुरताच राहतो. लांब मोजे पुरतात. प्रत्येकाकडे स्वतःचा कपाळावर बांधायचा टॉर्च असावा, लवकर परतणार असलो तरीही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा, आणि दाट झाडीखाली फोन दाखवतो ते ठिकाण काही मीटर इकडे-तिकडे असू शकते हे ध्यानात ठेवावे.

उंची अडीच हजार मीटरांच्या पुढे गेली की विरळ हवेचाही विचार करावा लागतो, आणि तेथे ‘एका दिवसात’ हा हट्टच तपासून पाहावा. बोर्निओ बेटावरील किनाबालू पर्वत ४,०९५ मीटर उंच आहे. तेथे बहुतेक लोक सुमारे ३,२७० मीटरवर मुक्काम करतात, मध्यरात्रीनंतर निघून सूर्योदयाच्या सुमारास माथा गाठतात आणि ढग दाटण्याआधी खाली उतरू लागतात. परतीच्या वेळेवरून मागे मोजत दिवस आखण्याचेच हे उदाहरण आहे.

निघण्यापूर्वी पायथ्याशी थांबणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीला वाट, माणसांची संख्या, परतण्याची अपेक्षित वेळ आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागवायची, हे लिहून द्यावे. दऱ्यांमध्ये फोनला रेंज नसते, त्यामुळे ‘अडचण आली तर कळवू’ हे आश्वासन पुरेसे नाही.

संपादक महोदय, आपल्याला विनंती आहे की अशा चढाईवरील लेख छापताना केवळ किलोमीटर न देता एकूण किती मीटर चढावे लागते, सामान्य माणसाला विश्रांतीसह किती तास लागतात, ओढे कोठे ओलांडावे लागतात आणि त्या ऋतूत सूर्य किती वाजता मावळतो, ही माहिती लेखकाकडून मागून घ्यावी. आणि लेखाच्या सुरुवातीलाच, छायाचित्राच्या शेजारी, मागे फिरण्याची वेळ ठळक अक्षरांत द्यावी. चार ओळींच्या या चौकटीला फारशी जागा लागणार नाही.

आपला,
एक वाचक