लॉकडाऊनचा वाद आणि कोगनोळीचा नाका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लॉकडाऊन हवा होता की नको, हा वाद वाचकांच्या पत्रांतून अजूनही अधूनमधून रंगतो. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. जानेवारी २०२० मध्ये कोरोनाच्या विषाणूची तपासणी करणारी देशात एकच प्रयोगशाळा होती, पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था (एनआयव्ही). ऑगस्टअखेरीस हा आकडा दीड हजारावर गेला. त्यासाठी लागणारी सवड टाळेबंदीनेच दिली, हे मान्य करायला हवं. दुसरीकडे बेळगावच्या वडगाव-शहापूरचे माग थांबले, निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांची रोजची मजुरी बुडाली, हेही तितकंच खरं. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचं दुखणं या वादात कुणीच मांडत नाही. इथे आदेश दोन राज्यांचे निघतात आणि माणसाचं घर, शेत, दवाखाना मात्र त्या दोन राज्यांत विभागलेला असतो.

कर्नाटकातल्या निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. कागवाडकरांना मिरज हाकेच्या अंतरावर, तर बेळगाव हे जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरच्या पलीकडे. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस उलट बेळगावला येतो, कारण त्याला कोल्हापूर लांब पडतं. त्याच तालुक्यातल्या शिनोळीच्या कारखान्यांत बेळगाव तालुक्यातले कामगार जातात. दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला घर या राज्यात आणि मळा त्या राज्यात, अशी कितीतरी कुटुंबं आहेत. त्यामुळे ‘जिल्हा’ किंवा ‘राज्य’ हे एकक धरून आदेश काढला की तो बेंगळुरात किंवा मुंबईत बसून वाचायला सरळ वाटतो, पण निपाणीजवळ हद्दीवरच्या कोगनोळीच्या टोलनाक्यावर येईपर्यंत त्याचा पार गुंता होतो.

७२ तासांच्या अटीचंच घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला. एरवी वर्षातून दोनदा प्रवास करणाऱ्याला ही अट जाचक नाही. पण निपाणी तालुक्यातला डायलिसिसचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. आठवड्यातून तीन वेळा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, दरवेळी सुमारे चार तास त्याला मशीनवर राहावं लागतं आणि त्याचं केंद्र कोल्हापुरात आहे. सोमवारी सकाळी दहाला त्याने नाकातला स्वॅब दिला. अहवाल मंगळवारी संध्याकाळी आला. नमुना दिल्यापासून मोजलं तर गुरुवारी सकाळी दहाला मुदत संपली. म्हणजे त्या अहवालावर बुधवारची एकच परतीची फेरी झाली. शुक्रवारी घरी परतायचं तर बुधवारी पुन्हा स्वॅब द्यायचा, सोमवारसाठी आणखी एक. ज्या माणसाची ताकद डायलिसिसनंतर घरापर्यंत पोचण्यातच संपते, त्याने जन्मभर दर तीन दिवसांनी स्वॅब द्यायचा का? अशा अटीत ‘नियमित उपचारासाठी जाणाऱ्यांना केंद्राचं ओळखपत्र पुरेसं’ एवढी एक ओळ लागते. तसंच ७२ तास नमुना दिल्यापासून धरायचे की अहवाल हाती आल्यापासून, हे आदेशातच लिहायला लागतं. त्या दोन मोजण्यांत एका दिवसाहून जास्त अंतर पडतं, आणि तेवढ्यावर माणूस घरी जातो किंवा टोलनाक्यावर रात्र काढतो.

शिवाय निगेटिव्ह अहवाल म्हणजे निरोगी असल्याचा दाखला, हा समजच चुकीचा. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस, कधी चौदा दिवसही जातात. पहिल्या दोन-तीन दिवसांत नाकात विषाणू इतका कमी असतो की चाचणीत तो सापडत नाही. नमुना नीट घेतला नाही, किंवा तो प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दोन ते आठ अंश तापमानात राहिला नाही, तरी निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. रॅपिड अँटिजेन चाचणी अर्ध्या तासात निकाल देते, पण २०२० च्या जूनमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेच (आयसीएमआर) जाहीर केलेल्या पडताळणीत तिची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के होती. म्हणजे शंभर बाधितांतले सोळा ते पन्नासजण तिच्यातून निसटू शकत होते. म्हणून तर लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा, असा नियम होता. कपाळावर रोखायच्या थर्मल गनची तर गोष्टच वेगळी. एप्रिलच्या उन्हात मोटारसायकलवरून आलेल्याचं कपाळ नुसत्या उन्हाने तापलेलं असतं, आणि पॅरासिटामॉल घेऊन एसी गाडीत बसलेल्याचं थंड. गनने मोजायचं तर माणसाला आधी दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसवावं लागतं. त्यासाठी नाक्यावर मांडव लागतो, पिण्याचं पाणी लागतं. एवढी साधी तयारी आदेशात कधी लिहिलेली नसते.

नाक्यावर सगळ्यांत महाग पडतो तो वेळ. रुग्णवाहिकेत बहुधा लहान, बी-टाइपचा ऑक्सिजन सिलिंडर असतो. त्यात साधारण दीड हजार लिटर वायू मावतो. मिनिटाला दहा लिटर लागले तर तो अडीच तास पुरतो. पंधरा लिटरवर नेलं की शंभर मिनिटं. रुग्णाला घरातून काढणं, वाटेतली वाहतूक, इस्पितळाच्या दारात खाट मिळेपर्यंतचा खोळंबा, हे सगळं त्यातच बसवायचं. त्यात नाक्यावर कागद बघण्यात चाळीस मिनिटं गेली, तर शंभरातली चाळीस तिथेच संपली. म्हणून रुग्णवाहिका थांबवून तपासायचीच नसते. तिचा नंबर आणि ती कुठे निघाली आहे एवढंच चालत्या गाडीचं टिपून घ्यायचं, बाकीची खातरजमा इस्पितळाला फोन करून मागाहून. रुग्णवाहिका बोलवायच्या १०८ क्रमांकाचाही असाच घोळ. दोन्ही राज्यांचा क्रमांक एकच, पण यंत्रणा वेगळ्या. हद्दीवरच्या गावात मोबाइलने पलीकडचा टॉवर पकडला की कॉल पलीकडच्या राज्याच्या कंट्रोल रूमला जातो. तिथल्या माणसाला आपल्या गावाचं नाव नकाशावर सापडत नाही. हद्दीवरच्या गावांची यादी दोन्ही कंट्रोल रूमकडे असावी आणि कॉल आपसांत वळवता यावा, एवढी सोय करायला साथीची वाट बघायची गरज नाही.

मालवाहतुकीत नियम चांगला होता, तो खालपर्यंत पोचला नाही. केंद्राच्या १५ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं की मालाच्या गाडीवर दोन चालक आणि एक मदतनीस चालेल, आणि माल उतरवून परतणारी किंवा माल भरायला निघालेली रिकामी गाडीही अडवायची नाही. गोव्याची रोजची भाजी बेळगावच्या बाजारातून घाट उतरते. भरलेली गाडी सोडली आणि रिकामी परत येताना अडवली, तर दुसऱ्या दिवशीची भाजी नेणार कोण? कोथिंबीर-मेथी एका दुपारीत पिवळी पडते, टोमॅटो क्रेटमध्येच पाणी सोडतो. रिकामी गाडी म्हणजे उद्याची भरलेली गाडी, हे नाक्यावरच्या प्रत्येकाला सांगितलेलं असायला हवं.

आता दुकानांच्या वेळेबद्दल. १० मे २०२१ पासूनच्या लॉकडाऊनमध्ये कर्नाटकात जीवनावश्यक वस्तूंची दुकानं सकाळी सहा ते दहा उघडी असत. १४ जूनला बऱ्याच जिल्ह्यांना सूट मिळाली, पण निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत बेळगाव होता. चार तासांनी रस्त्यावरची वर्दळ कमी दिसते, हे खरं. पण हिशेब करून बघा. एखाद्या किराणा दुकानात बारा तासांत २४० गिऱ्हाइकं येत असतील तर ताशी वीस. तीच चार तासांत कोंबली की ताशी साठ. बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात सकाळी आठला गर्दी व्हायची ती लोक बेशिस्त होते म्हणून नव्हे, घड्याळानेच ती जमवली होती. हा आजार हवेतून, एकमेकांच्या श्वासातून पसरतो. त्यात धोका ठरतो तो माणसं किती जवळ, किती वेळ आणि किती कोंदट जागेत आहेत यावरून. वेळ वाढवा, बाजार पांगवा, हाच त्यावर उपाय. व्हॅक्सिन डेपोसारख्या मोकळ्या मैदानावर दोन गाळ्यांत दहा फूट सोडून भाजी बसवली, प्रभागांना वार वाटून दिले, दुकानं सहा ते सहा ठेवली, तर त्याच माणसांची गर्दी होत नाही. पोलिसांना मात्र दहा वाजता शिट्टी मारून बाजार उठवणं सोपं पडतं. माझ्या मते चार तासांच्या वेळेमागचं खरं कारण तेच होतं.

लोक नियम पाळतात ते तो सगळ्यांना सारखा दिसला तर. १७ एप्रिल २०२१ ला बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली, त्याआधी प्रचारसभा झाल्या, आणि २७ एप्रिलच्या रात्रीपासून कर्फ्यू लागला. पोटनिवडणूक घ्यावी लागली तीही इथले खासदार सुरेश अंगडी यांचं सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने निधन झाल्यामुळे. सभेला मुभा आणि दहा दिवसांनी लग्नघराच्या मांडवावर माणसांची मोजदाद, हे ज्याने पाहिलं त्याला नियमाचं शास्त्र कितीही समजावलं तरी पटत नाही.

कायद्याची बाजूही नीट कळायला हवी. लॉकडाऊनचे आदेश १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधाराने निघाले. आदेशभंगाला तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम १८८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आहे. दोन्हींत शिक्षा न्यायालय देतं, तीही अधिकाऱ्याने लेखी तक्रार केल्यावर. पाठीवर लाठी मारण्याची तरतूद कुठेच नाही. २४ मार्च २०२० च्या केंद्राच्या सूचनांनुसार प्रत्येक हद्दीत कार्यकारी दंडाधिकाऱ्याला ‘इन्सिडेंट कमांडर’ नेमायचं होतं. निर्णय त्याने घ्यायचा. पण नाक्यावर मध्यरात्री उभा असतो होमगार्ड. त्याच्याकडे अधिकार नाही, म्हणून तो ‘नाही’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हटल्याने त्याची नोकरी जात नाही. नाक्यावर तिन्ही पाळ्यांत तहसीलदार दर्जाचा एक अधिकारी हजर, नाहीतर फोनवर तरी हवा, आणि त्याचा क्रमांक फलकावर लिहिलेला हवा. २२ ऑगस्ट २०२० ला केंद्रीय गृहसचिवांना सगळ्या राज्यांना पत्र लिहावं लागलं की आंतरराज्य प्रवासाला वेगळा पास मागू नका. ही सूचना आधीच लेखी होती. तरीही पत्र लिहावं लागलं, ते खाली अंमल होत नव्हता म्हणून.

फलक म्हटला की भाषा आलीच. इथे मी सीमाप्रश्न काढत नाही, तो सर्वोच्च न्यायालयात आहे. पण लोकसंख्येत १५ टक्के किंवा अधिक भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही जुनी मान्य गोष्ट आहे, आणि साथीत तर ती प्राणाची गोष्ट होते. ‘सीलडाऊन’, ‘क्वारंटाइन’, ‘आयसोलेशन’ हे तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिला गल्लीला, दुसरा संपर्कात आलेल्या निरोगी माणसाला, तिसरा बाधिताला. कन्नड परिपत्रकाचं कुणीतरी घाईने केलेलं मराठी रूप व्हॉट्सॲपवर फिरतं, त्यात तिन्हींना ‘विलगीकरण’ म्हटलेलं असतं आणि घरातली म्हातारी माणसं विनाकारण खोलीत कोंडली जातात. जत, अक्कलकोट, गडहिंग्लज भागातल्या कन्नड भाषकांनाही मराठी आदेशांचा हाच त्रास होतो. दोन्हीकडे आदेशाच्या पाठीमागे दुसऱ्या भाषेतलं एक पान जोडायला किती खर्च येणार?

केरळातल्या कासरगोडच्या रुग्णांना हद्द ओलांडून कर्नाटकातल्या मंगळूरच्या इस्पितळांत जाऊ द्यायचं की नाही, हा प्रश्न मार्च-एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ७ एप्रिलला दोन राज्यांत रुग्णांना सोडण्याचे निकष ठरले, तेव्हा वाट मोकळी झाली. ते निकष एका पानात मावण्यासारखेच असतात. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि गोवा यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी असं पान आज, साथ नसताना, बसून लिहावं, अशी आमची मागणी आहे. कोणत्या रुग्णाला कोणता कागद, कामगाराला आणि शेतकऱ्याला कोणता पास आणि किती दिवसांचा, रिकाम्या गाडीचं काय, रात्री कुणाला फोन करायचा, एवढंच त्यात हवं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देण्याचा विषय समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत, २९ व्या क्रमांकावर आहे, तेव्हा केंद्रालाही यात हात झटकता येणार नाहीत.

आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. पहिल्या लाटेत काही गावांनी हद्दीवरचे शिवाररस्ते चर खणून किंवा मुरूम-दगड टाकून बंद केले. चर खणायला जेसीबीला तासभर लागतो. रात्री बाळंतीण अडली तर तो बुजवायला तेवढा वेळ हातात नसतो. रस्ता अडवायचाच तर दोन खांबांवर आडवा बांबू टाकून कुलूप लावावं, किल्ली जवळच्या घरात ठेवावी, आणि त्या घराचा फोन नंबर आशा कार्यकर्तीकडे व पलीकडच्या गावच्या पोलीस पाटलाकडे द्यावा.

आपला,
एक वाचक, निपाणी