आणखी दोन वर्षं इथेच

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलायचं मुद्दाम टाळलं. आईचा आवाज बदलला की माझं निम्मं बोलणं घशातच राहतं, आणि बाबा "बरं, बघ तुझं तू" म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहिते आहे. पुण्याच्या नोकरीला मी नकार कळवला आहे आणि इथल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहांच्या नोंदींच्या कामाच्या करारावर आणखी दोन वर्षांची सही केली आहे. तुम्हाला विचारून नाही, सही करून मग सांगते आहे, हे मला कळतंय. दादाच्या वेळी जे झालं तसं मात्र हे नाही. मी कुणावर रुसून राहत नाहीये, आणि परत न येण्याची ही सुरुवातही नाही.

आधी गाडीजवळ सिंहीण दिसते त्या फोटोबद्दल, कारण आईची झोप त्यानेच उडाली आहे. गाडीच्या बॉनेटवर डावीकडे पुढे जी खुर्ची दिसते, ती ट्रॅकरची, म्हणजे माग काढणाऱ्याची. आमचा ट्रॅकर इथल्या शांगान समाजाचा आहे, त्याचे वडीलही हेच काम करत. तिथे बसून तो रस्त्यावरचे ठसे वाचतो. सिंह दिसला की तो खाली उतरून मागे गाडीत येतो, मगच गाडी पुढे सरकते. हा नियम कधीच मोडला जात नाही. फोटो लांब लेन्सने काढला म्हणून सिंहीण खुर्चीला खेटून आहे असं वाटतं. गाडीला दारं-छप्पर नाही हे खरं. पण इथले सिंह छावे असल्यापासून गाड्या बघतात आणि गाडी व माणसं मिळून त्यांना एकच आकार दिसतो. तो आकार मोडायचा नाही, एवढंच सांभाळायचं. उभं राहायचं नाही, हात-पाय बाहेर काढायचे नाहीत, ओरडायचं नाही.

आता सिंह शोधतात कसे ते सांगते, म्हणजे मी दिवसभर झुडपांतून भटकत नसते हे पटेल. आम्ही आहोत ते सॅबी सँड हे खासगी अभयारण्य आणि शेजारचं क्रूगर राष्ट्रीय उद्यान यांच्यामधलं कुंपण 1993 मध्ये काढलं, त्यामुळे जनावरं दोन्हीकडे मोकळी ये-जा करतात. आमचा भाग मातीच्या रस्त्यांनी चौकोनांत विभागलेला आहे. पहाटे एकेका चौकोनाला गाडीने फेरी मारायची. ठसे आत गेलेत आणि चारही बाजूंना बाहेर पडल्याचे नाहीत, म्हणजे सिंह आत आहेत. बाहेर पडलेले दिसले तर तो चौकोन सोडून पुढचा घ्यायचा. तासभर पायी माग काढण्याचं काम अशा दहा मिनिटांच्या फेरीत होतं. गडबड होते ती खडकाळ उतारावर आणि दाट गवतात, तिथे ठसा उमटतच नाही. सिंह तेवढ्याच पट्ट्यातून रस्ता ओलांडून गेले, तर आम्ही रिकाम्या चौकोनाभोवती फिरत बसतो.

ठसा कुणाचा ते पटकन कळतं. सिंहाच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात आणि नखं उमटत नाहीत. तरसाची नखं दिसतात. मोठ्या नराचा पुढचा पंजा 12 सेंटीमीटरच्या पुढे जातो, मादीचा त्याहून लहान, आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा रुंद. वेळ ठरवणं मात्र अवघड. काल रात्रीच्या शेवटच्या गाडीचे टायर ठशाखाली आहेत की ठशावर, हे सगळ्यात आधी बघायचं. ठशावरून रात्री फिरणाऱ्या किड्यांची बारीक रेघ गेली असेल, किंवा झाडावरून टपकलेल्या दवाचे खळगे पडले असतील, तर जनावर बरंच आधी गेलं. कडा धारदार असतील आणि उलटलेली माती अजून गडद असेल तर ते जवळच आहे. नवशिके हमखास फसतात ते सावलीतल्या ठशांवर, तिथली माती उशिरापर्यंत ओली राहते आणि शिळा ठसा ताजा वाटतो. बघताना ठसा आपल्या आणि सूर्याच्या मधे ठेवायचा, म्हणजे खळग्यातली सावली आपल्याकडे पडते आणि आकार उठून दिसतो. दुपारी सावली नाही, म्हणून माग काढणंही नाही. आई, याचा सरळ अर्थ असा की सकाळी दहानंतर मी बहुतेक वेळा सावलीत बसून नोंदी लिहीत असते, टोपी घालून.

पहाटेची गर्जनाही कामाची. शांत, थंड हवेत ती आठ किलोमीटरवरून ऐकू येऊ शकते. दोन ठिकाणी दोघांनी थांबून होकायंत्राने दिशा घ्यायची, दोन रेघा नकाशावर जिथे छेदतात तिथून शोध सुरू. पण गर्जना करून सिंह चालत राहतो, आणि ओढ्याच्या खोलगट पात्रात आवाज भलतीकडून येतो, म्हणून त्या छेदबिंदूला फार चिकटून राहायचं नसतं. शिवाय ज्यांचा स्वतःचा इलाखा नाही असे भटके नर दुसऱ्यांच्या हद्दीत गप्प असतात. नुसत्या आवाजावर विसंबलं तर ज्यांची सर्वांत जास्त काळजी करायची तेच निसटतात. मग इतर जनावरांकडे बघायचं. जिराफ एकाच दिशेला टक लावून उभा आहे का, इंपाला फुरफुरताहेत का, गिधाडं घिरट्या घालताहेत की सरळ खाली उतरताहेत. सरळ उतरत असतील तर तिथे मेलेलं जनावर आहे आणि बहुधा त्याची राखण करणारा सिंह निघून गेलाय. नुसती झाडावर बसून राहिली असतील तर तो अजून खाली आहे.

पायी जाणं होतं, हे लपवत नाही. पण एकटीने कधीच नाही. पुढे ट्रॅकर, त्याच्यासोबत .375 ची रायफल घेतलेला परवानाधारक, मी मागे. वारा तोंडावर घेऊन चालायचं, राखेची छोटी पुरचुंडी झटकून तो मधूनमधून तपासायचा. एखादी सिंहीण कळपापासून वेगळी झाली असेल आणि तिच्या सडांभोवती दूध प्यायल्याच्या ओल्या खुणा दिसल्या असतील, तर तिच्या मागावर पायी जायचंच नाही. छाव्यांना ती पहिले सहाएक आठवडे लपवून ठेवते आणि त्या काळात ती कुणाचंच ऐकत नाही. नर-मादीची जोडी असेल तरी नाही. सिंह समोर आलाच आणि शेपटी झटकत गुरगुरला, तर जागचं हलायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे तो धावतोच. बहुतेक वेळा तो चाल करून येतो आणि थांबतो. तो थांबला की तोंड त्याच्याकडे ठेवून एकेक पाऊल मागे. खरं सांगायचं तर इथे पायी चालणाऱ्यांना सिंहापेक्षा एकट्या म्हाताऱ्या रानरेड्याची जास्त धास्ती असते. (हे वाक्य आईला वाचून दाखवू नका, बाबा.)

आता दोनच वर्षं का, आणि आत्ताच का. बाबा, कळपाचा खरा कणा माद्या. आई, मावश्या, मुली एकाच इलाख्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नर बाहेरून येतात, दोघे-तिघे किंवा जास्त, युती करून. चार किंवा त्याहून मोठी युती असेल तर ते सख्खे-चुलत भाऊच असतात, जोडीत किंवा तिकडीत परकाही चालतो. तुमच्या टीव्हीवरच्या युतीसारखी ही सकाळी मोडून दुपारी नवी होत नाही, जन्मभर टिकते. सत्ता मात्र सरासरी दोन-तीन वर्षांचीच. याच सॅबी सँडमध्ये मापोगो नावाच्या सहा नरांनी 2006 पासून पश्चिमेकडचा मोठा भाग ताब्यात ठेवला होता. 2010 मध्ये मजिंगिलाने नर आले, मापोगोंतला एक मारला गेला आणि पकड सुटत गेली. 2012 पर्यंत मापोगोंचं राज्य संपलं होतं.

नवे नर आले की आधीच्यांचे लहान छावे मारतात. मोठे छावे पळून गेले तर वाचतात. छावे गेले की माद्या लवकर माजावर येतात, आणि नव्या नरांकडे तर दोन-तीन वर्षंच असतात. छावा स्वतंत्र व्हायलाही जवळपास दोन वर्षं लागतात. म्हणजे सुरुवात उशिरा झाली तर छावे मोठे होण्याआधीच त्या नरांची सत्ता जाते. मला हे बघायला आवडतं असं नाही, आई. अशा दिवसांत मी तुला फोन करते आणि काहीच सांगत नाही, भाजी काय केलीस एवढंच विचारते.

आत्ता आमच्या कळपात तान्हे छावे आहेत आणि हद्दीच्या कडेला अनोळखी नरांचे ठसे दिसू लागलेत. या छाव्यांना ओळखणारं माणूस मधेच निघून गेलं तर पुढे कोण कुणाचं हे सांगता येत नाही. ओळख पटवतात ती मिशांच्या ठिपक्यांवरून. मिशांच्या वरच्या पूर्ण ओळीच्या डोक्यावर काही सुटे ठिपके असतात, ते खालच्या ओळीतल्या कितव्या ठिपक्यावर येतात हे डाव्या आणि उजव्या गालासाठी वेगळं काढून ठेवायचं. ही पद्धत 1970 मध्ये नैरोबीच्या सिंहांवरून मांडली गेली आणि अजून तीच वापरतात, कारण ठिपके आयुष्यभर बदलत नाहीत. कानाच्या फाटक्या कडा आणि व्रण दरवर्षी वाढतात, त्यांच्यावर एकट्यावर भरवसा नाही. फोटो अगदी बाजूने हवा. तोंड जरा वळलेलं असलं की ठिपके सरकल्यासारखे दिसतात आणि एकाच सिंहिणीची दोन ओळखकार्डं तयार होतात. नाकाचा रंगही टिपायचा, लहानपणी गुलाबी, वयाबरोबर काळं. टांझानियातल्या सेरेंगेटीत पाचेक वर्षांच्या सिंहाचं नाक साधारण निम्मं काळं असतं. इथे मी तो नुसता अंदाज म्हणून लिहिते.

रेडिओ कॉलर लावली की सोपं होतं, असं बाबा म्हणाले होते. काही अंशी हो. कॉलर बहुधा मादीला, कारण ती इलाखा सोडत नाही आणि कळप तिच्याजवळ सापडतो. नराची मान वाढत असते, आयाळही आड येते. अँटेना हळूहळू गोल फिरवायची, आवाज सर्वांत मोठा जिथे येतो ती दिशा. खडकांवरून सिग्नल उलटून येतो, म्हणून टेकाडावर चढून पुन्हा घ्यायचा. आणि कॉलर सांगते मादी कुठे आहे ते. तिच्या पोटाशी छावे किती उरले हे बघायला माणूसच लागतं.

नोंदी सलग असण्याला किंमत का, ते सेरेंगेटीत कळतं. तिथे 1966 मध्ये जॉर्ज शॅलर यांनी सिंहांच्या अभ्यासाचं काम सुरू केलं, 1978 पासून क्रेग पॅकर आणि अ‍ॅन प्यूसी यांनी पुढे नेलं. 1994 मध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाची साथ सिंहांत शिरली आणि जवळपास एक तृतीयांश सिंह गेले. आधीची प्रत्येक सिंहाची नोंद होती म्हणून हा आकडा तरी कळला. आमच्याकडे भीती रानरेड्यांकडून येणाऱ्या क्षयाची आहे. सिंह हळूहळू खंगतो, कोपराला सूज येते. महिनोन्‌महिने तोच सिंह बघणाऱ्यालाच हे लक्षात येतं. एवढं सगळं लिहून मी तुम्हाला पटवते आहे की स्वतःला, देव जाणे.

बाकी माझं छान आहे. खोलीला जाळ्या आहेत, कँपला विजेचं कुंपण, अंधार पडल्यावर सोबत घेतल्याशिवाय खोलीबाहेर पाऊल नाही. मलेरियाचा भाग आहे, म्हणून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, दुसऱ्या दिवसाची वाट नाही. मोठं इस्पितळ म्बोम्बेलाला आहे, विमा आहे. तूरडाळ आणि हळद-मोहरी मिळते, डर्बनकडच्या भारतीय दुकानांतला माल इथवर येतो. मक्याच्या घट्ट पिठल्यासारखा 'पाप' नावाचा इथला पदार्थ मला आता आवडतो, पण वरणभाताला तो वरणभात नाही. झोपताना अजून उजव्या कुशीवर, पांघरूण डोक्यावरून. आई, तू म्हणायचीस तसंच, गुदमरेन एखाद दिवशी.

आता तुमचं. बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन माझ्या येण्यासाठी थांबवू नका. मी दिवाळीत तीन आठवडे येते आहे, तारीख त्याच हिशोबाने घ्या. रात्रीची स्कूटर बंद, मंडळाची बैठक असली तरी. आई, साखर सकाळी उपाशीपोटी तपासायची, चहानंतर नाही, आणि माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही. शेजारच्या काकांना हाक मार, ते कंटाळत नाहीत. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस पुढच्या सोमवारी येईल, पैसे दिलेले आहेत, त्याला परत पाठवू नका. रोज फोन तुमच्या संध्याकाळी पाचला, तेव्हा इथे दीड वाजलेला असतो. एखाद दिवशी लागला नाही तर रेंज नसते, सिंह नसतो.

वाईट वाटलं असेल तर दोन दिवस रागवा, मग फोन करा.

तुमची,
चिमी

ता. क. बाबांच्या परवाच्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो पाठवा, सगळी पानं. "सगळं नॉर्मल आहे" असं लिहून पाठवू नका.