कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून आईबाबांना

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, जेवतोय, झोपतोय, आई तू रोज विचारतेस म्हणून आधीच लिहून टाकलं. परवा व्हिडिओ कॉलवर माझं तोंड पांढरं दिसलं आणि तू घाबरलीस, पण ती लांबीची, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायच्या पुटीची, धूळ होती ग. घरमालकांच्या गॅरेजमध्ये माझ्या गाडीचे दोन दरवाजे आणि पुढचं फेंडर (चाकावरचा पत्रा) घासत होतो.

इथे एक प्रकार आहे, थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. चिमूटभर नाही, ट्रकच्या ट्रक. भांडुपच्या मिठागरात ढीग असतात ना, तसे ढीग यांच्या डेपोत. मीठ मिसळलं की पाणी शून्याला गोठत नाही, आणखी थंडी लागते, म्हणून रस्त्यावर बर्फ घट्ट धरत नाही. उणे दहाच्या खाली गेलं की साध्या मिठाचा फार उपयोग होत नाही, मग वाळू टाकतात. सगळ्यांच्या बुटांना पांढरे डाग, घरात शिरल्यावर बूट ठेवायला वेगळा ट्रे. आणि तेच खारं पाणी चाकातून उडून दरवाजाच्या खालच्या कडेत बसतं आणि पत्रा खातं. आपल्या खिडकीचं ग्रिल खाऱ्या हवेने गेलं तसंच, फक्त फार लवकर. म्हणून बर्फाच्या आधी हे उरकायचंय.

बाबा, तुम्ही म्हणाल पाणी मारून घास, धूळ उडणार नाही. पण लांबी पाणी पिते आणि मग रंगाखाली फुगे येतात, गंज परत धरतो, म्हणून लांबी कोरडीच घासतोय. आधी साबणाने धुतलं, मग वॅक्स काढायच्या लिक्विडने पुसलं, कारण तसंच घासलं तर वॅक्स ओरखड्यांत जातं आणि रंगाला खड्डे पडतात. गंज पत्रा चकचकीत होईपर्यंत काढला. मग लांबीवर 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, मग 320. ब्लॉक म्हणून आईने दिलेल्या जुन्या स्लिपरचा तळ कापला, कुर्ल्याच्या गॅरेजात तुम्ही वापरायचात तसाच, कारण नुसत्या बोटांनी घासलं की चर पडतात हे तुमच्याकडूनच ऐकलंय. हात फिरवताना डोळे मिटतो, तुमच्यासारखा. उंचवटा हाताला लगेच लागतो, डोळ्याला नाही दिसत.

आणि आई, तू म्हणालीस याच्यासाठी का तुला तिकडे पाठवलं, बाबांचा खोकला बघून तरी शहाणा हो. मी मास्क लावतो, नाकाला रुमाल नाही, दोन्ही बाजूला फिल्टरचे डबे असलेला रबरी मास्क, कॉल घ्यायलाच तेवढा काढला होता. शटर उघडं असतं. शेवटचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घरी मारणारच नाही, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं केमिकल असतं, त्याने दमा लागतो, त्याला बाहेरून हवा देणारा मास्क लागतो. तेवढं काम दुकानात देणार. बाबांना असला मास्क तीस वर्षांत कोणी दिला नाही, घासताना सारखं तेच मनात येतं. त्यांना केईएमला नेऊन छातीचा एक्सरे काढा, पुढे ढकलू नका.

सगळंच काम दुकानात दिलं असतं तर जेवढे पैसे लागले असते त्यात स्वातीच्या लग्नाच्या हॉलचा अॅडव्हान्स निघतो, म्हणून स्वतः करतोय, दुसरं काही कारण नाही. दीड लाख सोमवारी पाठवलेत, हॉल, केटरर आणि राहिले तर तिचं मंगळसूत्र. साखरपुड्याला मी येत नाहीये. रजा नाही असं स्वातीला सांगितलं, पण खरं तर तिकीट काढलं तर लग्नाला येता येणार नाही, एकदाच जमेल. तिला तू समजाव. कुडाळच्या स्थळाचं विचारलंस, पुढच्या वर्षी बघू, आत्ता शब्द देऊ नको.

बाबा, गाडी सिल्वर मेटॅलिक आहे. प्रायमरवर 600 चा वॉटर पेपर मारून थांबू की 800 पण मारू? रविवारी तुमच्या रात्री नऊला फोन करतो.

तुमचा,
बंड्या